सरड्याला तळमजल्यावर कोंडू नका

राग अनावर झाला? तुमच्यातला सरडा जागा झाला. जिलेबीवरचा हात आवरत नाही? तोही सरडाच. व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं, कंपन्यांची प्रशिक्षणं, मोबाइलवरची अर्ध्या मिनिटाची प्रवचनं, सगळीकडे हा सरडा हमखास भेटतो. फळ्यावर तीन मजली घर काढलं जातं. तळाला सरपटणाऱ्यांचा आदिम मेंदू, मधे सस्तन प्राण्यांच्या भावना आणि वर, सगळ्यांत शेवटी राहायला आलेला, विचार करणारा माणूस. ऐकणाराही खूश होतो, कारण आपल्या चुका माथी मारायला त्याला आयता गुन्हेगार मिळतो.

पूर्वपक्ष आधी नीट मांडू. ही कल्पना अमेरिकी संशोधक पॉल मॅक्लीन यांची, १९६०च्या दशकातली. माणूस हलका नव्हता. मेंदूतल्या भावनांशी निगडित भागांसाठी 'लिंबिक सिस्टिम' हे नाव १९५२मध्ये त्यांनीच रूढ केलं आणि भावनांचा अभ्यास मेंदूच्या अंगाने व्हायला हवा हे ठासून सांगितलं. कार्ल सेगन यांच्या 'द ड्रॅगन्स ऑफ ईडन' (१९७७) या पुस्तकाने ती कल्पना घरोघरी नेली. पुस्तकाला पुलित्झरही मिळालं. मेंदूच्या अभ्यासकांनी ती केव्हाच बाजूला ठेवली. शिबिरांपर्यंत मात्र ती बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

घर मुळात असं बांधलंच गेलेलं नाही. सरडा आपला पूर्वज नाही. त्याची आणि आपली वंशरेषा सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली आणि तेव्हापासून तोही आपल्याइतकाच बदलत आला आहे. आणखी मागे जा. लॅम्प्री हा जबडा नसलेला लांबट मासा. त्याची शाखा आपल्यापासून फुटली त्याला जवळपास ५० कोटी वर्षं झाली. तरी कोणती हालचाल करायची आणि कोणती दाबायची हे ठरवणारी खोलवरची केंद्रं त्याच्यात आपल्याच आराखड्याची आहेत, हे स्वीडनच्या स्टेन ग्रिलनर यांनी दाखवून दिलं. म्हणजे खोल्या फार पूर्वीपासून त्याच आहेत. एखादी ऐसपैस झाली, एखादी आक्रसली. मजला कुणी चढवला नाही.

पक्ष्यांवरचा अन्याय सरड्यावरच्याहून जुना. विसाव्या शतकाच्या आरंभी लुडविग एडिंगर यांच्या वर्गवारीने त्यांच्या पुढच्या मेंदूचा बहुतेक भाग 'खालच्या' दर्जाचा ठरवला. कावळे डोळ्यांदेखत कोडी सोडवत होते, पण त्या भागांची नावं बदलायला २००४ उजाडावं लागलं. २०१६मध्ये चेतापेशींची मोजणी झाली, तेव्हा मॅकॉ पोपटाच्या पुढच्या मेंदूत मकाक माकडाहून जास्त पेशी भरल्या. मेंदूचा आकार मात्र माकडाच्या कितीतरी लहान.

यावर कुणी म्हणेल, मजले नकोत तर निदान संख्येची उतरंड ठेवा. तीही टिकत नाही. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी, आफ्रिकन हत्तीच्या मेंदूत २५७ अब्ज. पण त्यातल्या ९८ टक्के हालचाल सांभाळणाऱ्या अनुमस्तिष्कात. उलट मधमाशीकडे जेमतेम दहा लाख, आणि तेवढ्यावर ती फुलांची दिशा नि अंतर नाचून सांगते.

एका जागी मेंदू असणं हेच प्रगतीचं लक्षण, हा आग्रहही सोडावा लागेल. ऑक्टोपसच्या सुमारे ५० कोटी चेतापेशींपैकी दोनतृतीयांश त्याच्या बाहूंत असतात. अक्कल गुडघ्यात आहे, असं कुणाला हिणवण्याआधी या प्राण्याचा विचार करावा. झुरळाचं तर डोकं उडवलं तरी त्याचा पाय विजेचा झटका चुकवायला शिकतो. हे १९६२मध्येच दाखवलं गेलं आहे.

मग मज्जासंस्थेकडे पाहायचं कसं? माझं म्हणणं असं की, ज्या देहाला जे काम पडलं, त्या कामाच्या हिशेबाने. कोळणीकडून ताजी माकूल आणाल तेव्हा साफ करताना नळीसारखं अंग उभं चिरा आणि आतली बाजू नीट बघा. दोन्हीकडे एकेक पांढुरकी गाठ दिसेल आणि तिच्यापासून चांदणीसारखे फाकलेले धागे. त्या धाग्यांत प्राणिसृष्टीतल्या सर्वांत जाड चेतातंतूंपैकी काही असतात. काही जातींत एकेक तंतू जवळजवळ मिलिमीटरभर. संकट आलं की माकूल अंगातलं पाणी पिचकारून सटकते. त्यासाठी सगळं अंग एकाच क्षणी आवळलं जायला हवं, म्हणून दूरवर जाणारा तंतू अधिक जाड, कारण जाड तंतूतून संदेश वेगाने धावतो. आपल्याकडे तोच वेग बारीक तंतूंवर मायलिनचं वेष्टण चढवून साधला जातो. अडचण एक, उत्तरं दोन. यात वरचा कोण नि खालचा कोण? आणि चेतातंतूतून वीज कशी वाहते हे हॉजकिन आणि हक्सली यांना कळलं तेही माकुलीच्याच तंतूवरून. त्याचं नोबेल १९६३चं.

उरला प्रश्न मज्जासंस्थेच्या आरंभाचा. १९०६चं नोबेल गॉल्जी आणि काहाल यांना विभागून मिळालं. मज्जासंस्था म्हणजे एकसंध जाळं, असं गॉल्जी म्हणत. काहाल म्हणत, सुट्या पेशी. काहाल जिंकले आणि पाठ्यपुस्तकं त्यांची झाली. पण २०२३मध्ये टेनोफोर या पारदर्शक समुद्री जीवाच्या पिल्लात, त्वचेखाली, पेशी एकमेकींत मिसळून झालेलं खरोखरचं एकसंध जाळं सापडलं. त्याच वर्षी गुणसूत्रांच्या तुलनेने कौल दिला की प्राण्यांच्या वंशवृक्षावर टेनोफोरांची फांदी सर्वांत आधी फुटली, चेतापेशीच नसलेल्या स्पंजांच्याही आधी. हे खरं असेल तर एक तर निसर्गाने मज्जासंस्था दोनदा स्वतंत्रपणे घडवली, किंवा स्पंजांनी होती ती टाकून दिली आणि तरी त्यांचं कोट्यवधी वर्षं उत्तम चाललं. वाद अजून मिटलेला नाही, पण यातलं कोणतंही उत्तर खरं ठरलं तरी मजल्यांचा नकाशा खोटाच ठरतो.