होल्ड लावता? मग कारण लिहून द्या!



गेल्या हंगामात माझ्या चुलत्यांनी लातूरच्या आडतीवर सोयाबीन घातलं. आडत्याने चेक दिला, तो रेणापूरच्या एका बँकेत भरला. पासबुकावर रक्कम छापून आली. पैसे काढायला गेले तर काउंटरवरून उत्तर मिळालं, "काका, खात्याला होल्ड आहे." कशाचा? "साहेबांना विचारा." साहेब मीटिंगला. दुसऱ्या खेपेला "वरून आहे." तिसऱ्या खेपेला "जुनं काही कर्ज असेल बघा." तीन खेपांत तीन कारणं आणि हातात कागद एकही नाही. तोवर हरभऱ्याचा वापसा निघून गेला आणि बियाण्यासाठी सावकाराचं दार गाठावं लागलं.

बँकेने होल्ड लावूच नये, असं मी म्हणत नाही. चेक वटायचा असेल, सायबर पोलिसांचं पत्र आलं असेल, कर्ज थकलं असेल, तर बँकेला काही अधिकार आहेत. 1872 च्या करार कायद्यातलं कलम 171 बँकेला धारणाधिकार देतं. पण अधिकार असणं वेगळं आणि तो न सांगता वापरणं वेगळं. पोलिसांचं पत्र असेल तर कोणत्या ठाण्याचं, किती तारखेचं? कर्ज असेल तर कोणतं, बाकी किती? एवढं लिहायला पाच मिनिटं लागतात.

चेक न वटता परत आला तर बँक मेमो देते आणि त्यावर कारण लिहिते. कारण कलम 138 खाली चेक देणाऱ्यावर खटला भरायला तो कागद लागतो. मग परत आलेल्या चेकला कागद, आणि अडकवलेल्या पैशाला नुसतं तोंडी उत्तर, हा कुठला न्याय? 'क्लिअरिंगला वेळ लागतो' ही सबबही आता जुनी झाली. 4 ऑक्टोबर 2025 पासून रिझर्व्ह बँकेने चेक त्याच दिवशी वटवण्याची पद्धत सुरू केली आहे.

अमेरिकेने 1987 साली यासाठी कायदाच केला. नेहमीच्या मुदतीपलीकडे चेकचे पैसे रोखायचे असतील, तर बँकेने ग्राहकाला कारण आणि पैसे कोणत्या दिवशी मिळतील ते लेखी कळवायचं. ग्राहकाच्या हातात कागद देणारा असा सरळ नियम आपल्याकडेही हवा.

काही जण म्हणतील, यात जात कुठे आली? बागायतदाराचा पैसा अडला तर मॅनेजर स्वतः फोन करतो. आमच्या माणसाला मात्र रांगेतून हाकललं जातं. तोंडी कारभार हा नेहमीच वरच्यांच्या सोयीचा असतो. रिझर्व्ह बँकेने 2014 साली ग्राहक हक्कांची सनद काढली. त्यात जातीवरून भेदभाव करू नये असं लिहिलं आहे, पारदर्शक व्यवहाराचा हक्कही दिला आहे. ही सनद तुमच्या शाखेच्या भिंतीवर दिसते का, बघा.

बाबासाहेबांनी 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. चलन सरकारच्या मर्जीवर सोडू नका, त्याला नियमाचं बंधन घाला, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. 1925 साली हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी साक्ष दिली. देशाच्या तिजोरीला जो न्याय, तोच आमच्या पासबुकाला हवा: मर्जी नको, नियम हवा.

आता थोडं आपल्याकडेही पाहू. जयंतीच्या वर्गणीसाठी आपण दारोदार फिरतो, तहसीलवर निवेदनं देतो. पण वस्तीतली म्हातारी बँकेतून रिकाम्या हाताने परत येते तेव्हा तिच्यासोबत कोण जातं?

म्हणून एवढं करा. होल्ड कळला की त्याच दिवशी दोन प्रतींत अर्ज लिहा: रक्कम, तारीख, होल्डचं कारण, तो कोणाच्या आदेशाने आणि कधी निघणार. एका प्रतीवर शिक्का आणि सही घ्या. पोच नाकारली तर स्पीड पोस्टाने पाठवा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. तिला एक रुपयाही लागत नाही, माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. बँक सरकारी असेल तर दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्जही टाका.

शिकलेल्या पोराने महिन्यातून एक दिवस बँकेच्या रांगेत उभं राहायचं, ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज लिहायचा. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' याचा रेणापुरातला आजचा अर्थ एवढाच आहे.

जय भीम! जय संविधान!