दिवसाला तेवीस रुपये

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

महोदय,

विषय आपल्याला ठाऊक आहे. तीन अर्ज दिले. तिन्हींवर आवक शिक्का आहे, उत्तर एकालाही नाही. म्हणून आता चारचौघांत.

माझी मुलगी सातवीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत. सकाळी भरून दिलेली पाण्याची बाटली संध्याकाळी तशीच घरी येते. "प्यायलं की जावं लागतं," म्हणते. शाळांच्या 'यू-डायस' या सरकारी नोंदीत आमच्याकडे मुलींचं स्वतंत्र स्वच्छतागृह 'आहे'. आहेच की! वर टाकी आहे, टाकीत पाणी नाही. दाराला कुलूप आहे. पाळी आली की मुली घरी बसतात आणि हजेरीपटावर गैरहजेरी लागते.

मुख्याध्यापकांवर ढकलून आपण मोकळे व्हाल, म्हणून हिशेबच मांडते. पट 140. समग्र शिक्षा योजनेच्या निकषाने 101 ते 250 पटाच्या शाळेला वर्षाला 50,000 रुपये संयुक्त अनुदान. त्यातले किमान 10 टक्के, म्हणजे 5,000, स्वच्छतेसाठी. शाळा 220 दिवस. दिवसाला पुरते तेवीस रुपयेही पडत नाहीत. त्यात फिनेल, खराटा, साबण आणि माणसाची मजुरीसुद्धा, कारण सफाई कामगाराचं पदच नाही. 'किमान'चा अर्थ जास्त खर्च करा, असं शिक्षण खात्यातले साहेब समजावतात. कशातून? वीजबिलातून की खडूंतून?

शिक्षण हक्क कायदा 2010 पासून लागू आहे, स्वतंत्र स्वच्छतागृहाची अट त्यातच आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2012 मध्ये सहा महिन्यांची मुदत दिली. 2015 मध्ये देशभरात 4,17,796 स्वच्छतागृहं झाल्याचं जाहीर झालं. त्यांतली सरकारी कंपन्यांनी बांधलेली काही 'कॅग'ने तपासली, तर 72 टक्क्यांत वाहत्या पाण्याची सोय नव्हती. दुखणं माहीत असूनही आपण 'सुंदर शाळा' स्पर्धा भरवता. आम्हीही भाग घेतला. स्वच्छतागृहाच्या भिंतीवर सावित्रीबाईंचं चित्र छान आलंय, आत मात्र जाता येत नाही.

नवं बांधकाम नको. त्यात कोणाचं भलं होतं ते गावाला कळतं. नळजोडणी द्या आणि सफाईचं मानधन वेगळ्या लेखाशीर्षाखाली दरमहा द्या.

तेही जमत नसेल तर एक दिवस आमच्या शाळेत या. दहा ते पाच बसा, पाणी पीत राहा. कुलपाची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असते.

एक आई,
सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती