जागृति कीं जागरण?

आमच्या पुढाऱ्यांस ‘लोकजागृति’ हा शब्द मोठा प्रिय आहे. परंतु लोकांस जागें करणें निराळें आणि जागें ठेवणें निराळें, हा भेद त्यांस अद्यापि उमगलेला दिसत नाहीं. मे २०२४ मध्यें लोकसभा, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत विधानसभा आणि १५ जानेवारी २०२६ रोजीं महानगरपालिका, अशीं तीन मतदानें कोल्हापुरानें दोन वर्षांच्या आंत पाहिलीं. जय कोणाचाही झाला असो. शिवाजी पेठेपासून कसबा बावड्यापर्यंत झोपेचा पराजय मात्र प्रत्येक खेपेस ठरलेला.

दिवसां कर्णे लावलेल्या रिक्षा गल्लोगल्लीं फिरतात, सायंकाळीं चौकसभा रंगतात, एक पुढारी दुसऱ्यास ‘बिंदू चौकांत या’ असें आव्हान देतो. येथवर आमची तक्रार नाहीं. पण दहा वाजले म्हणजे खरी रात्र सुरू होते. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या पंगती उठतात, मोटारसायकलींचे ताफे घोषणा देत परततात, आणि मतदानाच्या आदल्या रात्रीं तर कोण दार ठोठावील याचा नेम नसतो.

कायदा मुका नाहीं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनीं रात्रीं १० ते सकाळीं ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकास बंदी केली असून निवासी भागांत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठेविली आहे. वर्षांतून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देतां येते, पण ती सांस्कृतिक व धार्मिक उत्सवांस. निवडणूक हा लोकशाहीचा उत्सव, हें भाषणांत गोड लागतें. या नियमांनीं तिला तसें मानिलेलें नाहीं.

‘पांच वर्षांतून एकदां होणारी गोष्ट, चार रात्री सोसा कीं!’ असें कोणी म्हणेल. वरील तीन तारखा हेंच त्यास उत्तर. शिवाय निवडणुका नकोत असें आम्हीं कोठें म्हटलें? २०१५ नंतर महापालिकेचें मतदान थेट २०२६ मध्यें झालें; त्याची वाट पाहणारे नागरिक आम्हीच. इतकी वाट पाहून मिळालेलें मत शुद्धीवर राहून देतां यावें, एवढेंच आमचें मागणें. झोप मोडलेला मनुष्य चिडतो, विसरतो, ऐकलेलें तोलून पाहण्याचे कष्ट टाळतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानें मतदान संपण्यापूर्वींचे ४८ तास जाहीर सभा बंद ठेविल्या, त्या मतदारास स्वस्थपणें विचार करतां यावा म्हणूनच ना? त्याच ४८ तासांत दारावर थाप पडूं लागली, तर ती शांतता कागदावरच राहिली.

दोष एकट्या पुढाऱ्यांचाही नाहीं. घरांत आजारी म्हातारी कण्हत असते, मुलगा परीक्षेचें पुस्तक मिटून बसतो, आणि आम्ही सुशिक्षित लोक पांघरुणाआड पुटपुटतों. पोलिसांस ११२ वर कळवावें, तर ‘उमेदवार आपल्याच पेठेचा, वाईटपणा कोणीं घ्यावा?’ ही भीड आडवी येते.

यापुढें मत मागण्यास कोणी उंबऱ्याशीं आला, तर रस्ता व पाणी यांच्या आधीं त्यास एकच प्रश्न विचारावा: रात्रीं दहानंतर तुमचीं माणसें आमच्या गल्लींत गप्प राहतील काय? ज्यास आपल्याच अनुयायांस आठ तास आवरतां येत नाहीं, त्याच्या हातीं पांच वर्षें शहर कोणीं द्यावें?