बोटुकली घेण्याआधी पाणी तपासा



पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या बैठकीत शेततळ्याचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : "माशाची सुधारित बोटुकली सोडावी का?" मी उलट विचारतो, "तळ्यात पाणी कोणते?"

सुधारित वाण ही थाप नाही. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा येथील केंद्रीय संशोधन संस्थेने १९९२ साली नॉर्वेच्या शास्त्रज्ञांबरोबर रोहूची निवड सुरू केली. गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा या नद्यांतली आणि संस्थेच्या तळ्यातली रोहू एकत्र आणली. जलद वाढणाऱ्या कुळांतले नर-मादी निवडून पुढची पिढी काढली. दर पिढीला वाढ सुमारे १७ टक्क्यांनी सुधारली. १९९७ साली हा वाण 'जयंती' नावाने बाहेर आला. कणसे निवडून आपण ज्वारीचे बी राखतो, तोच हा मार्ग.

पण ही निवड झाली गोड्या पाण्यात. माशाच्या रक्तात लिटरला नऊ-दहा ग्रॅम क्षार असतात. गोड्या पाण्यातला मासा हे क्षार धरून ठेवायला घडलेला आहे, बाहेर टाकायला नाही. पाणी खारे होत गेले की खाल्लेले अन्न रक्ताचा तोल सांभाळण्यात खर्ची पडते. अंगी लागत नाही. गोड्या पाण्यात पहिला आलेला वाण खाऱ्यातही पहिला येईल, याची हमी कोणतेही शास्त्र देत नाही.

आता आपले तळे पाहा. पावसाचे पाणी गोडे. हिवाळ्यानंतर ते आटते आणि आपण विहिरीचे खारे पाणी सोडतो. समजा, लिटरला ३ ग्रॅम क्षार असलेल्या पाण्याने तळे भरले. उन्हाने निम्मे पाणी उडाले, क्षार मात्र तिथेच राहिले. झाले ६ ग्रॅम! रोहूची वाढ खुंटू लागते. मग विकणारा म्हणतो, "तुम्ही खाद्य नीट टाकले नाही."

ही भाषा आपल्या ओळखीची आहे. बागायतीतले उताऱ्याचे आकडे दाखवून कोरडवाहू शेतकऱ्याला कपाशीचे बियाणे विकले गेले. पीक बुडाले तेव्हा दोष शेतकऱ्यालाच.

म्हणून पाणी पावसाळ्यानंतर एकदा आणि भर उन्हाळ्यात एकदा तपासून घ्या. खारे भरत असेल तर पावसाच्या पाण्यावर निघेल एवढाच हंगाम धरा. आणि मत्स्यबीज विकणाऱ्याकडून दोन गोष्टी लेखी मागा : वाण कोणता, आणि किती क्षाराच्या पाण्यात तो पारखला. लेखी देत नसेल, तर पैसेही देऊ नका.