वाटेत अडकलेला ग्राही

सीसीआर५ या जनुकातली ३२ अक्षरे गळाली, की त्याचे प्रथिन, म्हणजे एचआयव्ही ज्याला धरून पेशीत शिरतो तो ग्राही, अर्धवट बनते आणि पेशीच्या आतच अडकून राहते. आई-वडील दोघांकडूनही असे जनुक आले, तर पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर हा ग्राही दिसतच नाही आणि एचआयव्हीच्या बहुतेक प्रकारांची वाट बंद होते. हे १९९६ मध्ये उलगडले. भारतीयांत हा बदल अगदी विरळा, मग त्यावर अंक कशाला, असे कुणी विचारेल. पण याच निरीक्षणातून मॅराविरॉक हे औषध आले; ते घ्यायला अंगी हा बदल असावा लागत नाही. तरी याला निखळ वरदान म्हणणे आम्हाला पटत नाही, कारण हा ग्राही नसलेल्यांना वेस्ट नाइल विषाणू अधिक छळतो. या अंकातले लेख हाच नफा-तोटा तपासतात. उपचारासाठी धडधाकट जनुक मुद्दाम मोडावे का? तुमचे मत आम्हाला जरूर कळवा.