पिवळा दिवा आणि काळी माती

परभणीकडच्या काळ्या मातीचे गुण आपण जाणतोच. पण हीच माती पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरी सडकेवर आली, की मोटारसायकलवाल्याची परीक्षा असते. अशा जागी घाबरून ब्रेक करकचून दाबला, तर चाक जाम होते. जाम झालेले चाक फिरत नाही, नुसते घसरते. मग हँडल वळवूनही गाडी वळत नाही.

हे टळावे म्हणून एबीएस ही ब्रेकची सोय निघाली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना आणि १२५ सी.सी.पेक्षा मोठ्या इंजिनाच्या नव्या मोटारसायकलींना ती सक्तीची आहे.

या सोयीचा डोळा म्हणजे चाकाजवळचा सेन्सर. बैलगाडीच्या आऱ्याला चिंधी बांधून ती किती वेळा वर आली हे मोजले, तर चाकाचे फेरे कळतात. इथेही तेच. चाकाबरोबर दातेरी किंवा भोकांची चकती फिरते. सेन्सर तिच्यापासून साधारण एक मिलिमीटरवर असतो. एकेक दात समोरून गेला, की विजेचा एकेक ठोका तारेतून यंत्राकडे जातो. ठोके एकाएकी मंदावले, की यंत्र त्या चाकाचा ब्रेक सेकंदात अनेक वेळा सैल-घट्ट करते. तेव्हा ब्रेकला थरथर जाणवते. ती बिघाडाची खूण नव्हे. ब्रेक सोडू नका.

पण डोळ्यात माती गेली तर? चकतीवर चिखल थापला, चकती वाकली किंवा उंदराने तार कुरतडली, तर ठोके चुकतात आणि मीटरवरचा पिवळा दिवा लागतो. गाडी सुरू करताना तो लागणारच. थोडे चालल्यावर विझला पाहिजे. न विझल्यास साधा ब्रेक बहुधा लागतो, पण चाक जाम होण्यापासूनचे संरक्षण गेलेले असते. गाडी सावकाश चालवा. आधी साध्या पाण्याने, मऊ ब्रशने चिखल काढा. धुण्याच्या मशीनचा जोरदार फवारा जवळून मारू नका. तरी दिवा राहिला, तर मिस्त्रीला दाखवा. दिव्याची तार तोडून समाधान मानू नका! मोटारीत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी तिथेच थांबवा.

टायर बदलताना कंपनीने सांगितलेल्याच मापाचा घ्या, नाहीतर फेऱ्यांचा हिशेब चुकतो. आणि लक्षात ठेवा, मोकळ्या मातीवर किंवा खडीवर एबीएस असूनही गाडी थांबायला जास्त अंतर लागू शकते. तिथे वेग कमी ठेवणे हाच उपाय.

शेतातून सडकेवर येण्याआधी ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल झाडण्याची सवयही लावून घ्या. मागून येणारा आपल्याच गावचा असतो.