पुळण म्हणजे पार्किंग नव्हे

भरतीच्या पाण्यात गाडी अडकली की त्याचा व्हिडिओ तासाभरात अख्ख्या अलिबाग तालुक्यात फिरतो. खाली आपल्याच लोकांच्या कमेंट्स : "या मुंबई-पुणेवाल्यांना अक्कल नाही." हसून मोकळे!

मला स्पष्ट विचारायचंय, गाडी पुळणीवर उतरली कुठून? आकाशातून पडली? आपल्याच गल्लीतून, आपल्याच वाडीच्या कडेने गेली ना? रूमवाल्याने "गाडी खाली न्या, डायरेक्ट बीचवर" असं सांगितलं म्हणून गेली. ओहोटीला ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी घट्ट दिसते. सहा तासांत पाणी परत येतं हे पाहुण्याला माहीत नसणारच, पण आपल्याला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. मग सांगत का नाही? गाडी रुतल्यावर ट्रॅक्टर लावून ओढायचे पैसे मात्र मिळतात, हेही लिहूनच टाकतो.

पर्यटक नकोत असं मी म्हणत नाही. माझेच चार मित्र मागच्या महिन्यात रेवदंड्याला येऊन तीन दिवस नुसते पडून होते. पोफळीच्या सावलीत खुर्च्या, ताटात सुरमई, संध्याकाळी कोर्लईच्या डोंगरापलीकडून येणारा वारा. माणसाला असा आराम हवाच. पण रविवारी सकाळी ते समुद्रावर जाऊन अर्ध्या तासात परत आले. एकाच्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन चालायला जागा नव्हती, गाड्या गोल गोल फिरवून वाळू उडवणं चाललं होतं. जो आराम आपण विकतो, तो आपणच मोडतोय.

आणि पुळण फक्त पाहुण्यांची आहे का? थेरोंड्याच्या बायकांनी मासळी वाळत घालायची कुठे? वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल टायरखाली गेली की पावसाळ्यात लाट थेट वाडीच्या गडग्याला लागते. मग "सरकारने बंधारा बांधावा" म्हणून निवेदन द्यायला आपणच पुढे.

हे गाव काय आहे ते तरी आठवा. पंधराव्या शतकात रशियाचा अफानासी निकितिन हिंदुस्थानात उतरला तो चौल बंदरात. त्याचा स्मारकस्तंभ रेवदंड्यात आहे, किती जणांनी पाहुण्यांना दाखवला? पोर्तुगीजांनी इथे तटबंदी उभारली, १७४० मध्ये ते मराठ्यांना ठाणं देऊन निघून गेले, आणि त्याच तटाच्या आत आपण आज राहतो. समुद्राकडचा तट बघा. त्याच्या पायथ्याशी रविवारी संध्याकाळी बिअरच्या बाटल्या नि थर्माकोलच्या प्लेट्स. सातखणी बुरूज पाहुण्यांना "तो पडका टॉवर" म्हणून दाखवतात, तोही गाडीतून.

"गाडी बंद केली तर धंदा बसेल." हे ऐकून ऐकून कान किटले. आपल्याच रायगड जिल्ह्यात माथेरान आहे. तिथे पाहुण्याची गाडी दस्तुरी नाक्यावर थांबते, पुढे माणूस चालत, घोड्यावर नाहीतर टॉयट्रेनने जातो. माथेरान ओस पडलं का? गोव्यातसुद्धा किनाऱ्यावर गाडी घातली की पोलीस गुन्हा नोंदवतात. तिथली गर्दी कमी झाल्याचं कुणी ऐकलंय?

करायचं फार नाही. पुळणीवर उतरणाऱ्या प्रत्येक वाटेवर सिमेंटचे खांब, माणूस आणि सायकल जाईल एवढी फट ठेवून. होडी न्यायची त्या वाटेला साखळी, किल्ली कोळीवाड्याकडे. गाड्यांसाठी गावात पैसे घेऊन पार्किंग, त्यातून सफाईचा पगार. भरती-ओहोटीच्या वेळा प्रत्येक खोलीच्या दारावर. यातल्या कशालाही मंत्रालयात खेटे घालावे लागत नाहीत.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा म्हणून अर्ज लिहिलाय. घोडे आणि घोडागाडीवाल्यांचं काय करायचं यावर माझं मत अजून पक्कं नाही, त्यांनी स्वतः येऊन बोलावं. खोल्या भाड्याने देणाऱ्यांच्या सह्या मला सगळ्यात आधी हव्यात. रविवारी सकाळी दहापर्यंत घरी आहे, नाहीतर इनबॉक्समध्ये कळवा, मी कागद घेऊन येतो.